मधलं सिलिंडर

कोपरखैरणे, रो-हाउसचा तळमजला.
जिथे आमची मारुती उभी राहायची तिथे आता
तीन आरएक्सची पोटं कापून मांडलीत पाटावर:
एक पनवेलच्या भंगारातली,
एक कळव्याच्या लिलावातली,
आणि एक घणसोलीच्या मढवींच्या गोठ्यातली,
जिच्या सीटवर कोंबड्या बसायच्या
आणि जिच्या टाकीत निघाली
वाळलेली पाल, शिवाय दोन रुपयांचं नाणं.

टूलरूममधला जुना सोबती डाबरे
आर्गॉनचा मुखवटा वर करून म्हणाला,
"टू-स्ट्रोक म्हणजे पोटातून श्वास घेणारं जनावर.
प्रत्येकाखाली त्याची त्याची खोली पाहिजे.
भिंतीत केसाएवढी फट राहू दे,
एकाचा दम दुसऱ्याच्या खोलीत जातो,
मग दोघंही बसतात कुंथत."
मी मान हलवली.
सावरकर नगरात एका खोलीत आम्ही तीन भाऊ,
मी मधला.
हे मला वेल्डिंगशिवायही ठाऊक होतं.

क्रँक दाबून आणला वागळे इस्टेटमधून,
एकशेवीस-एकशेवीस अंशांवर.
व्ही-ब्लॉकवर ठेवला, डायल लावला.
काटा पाच शतांश हलला.
तांब्याच्या हातोडीचा एक टोला. सात.
दुसऱ्या अंगाने एक. चार.
रात्री अडीच वाजता, दोन.
वैजू दारात. "दोन म्हणजे किती?"
"तुझ्या केसाचा तिसरा हिस्सा."
"मग झोप आता."

बेअरिंगं फ्रीजरमध्ये, मटारांच्या पिशवीखाली.
केस तिच्या ओव्हनमध्ये, शंभर अंशांवर.
टप्पकन बसली, हातोडी लागली नाही.
आठवडाभर नानकटाईला गिअर ऑइलचा वास.
तिने ती ऑफिसात वाटली.
कुणी काही बोललं नाही,
एकाने पाककृती मागितली.

रविवारी किक मारली.
सतराव्या किकला डावं बोललं,
मग उजवं.
मधलं गप्प.
निळ्या धुरात कोपरापर्यंत हात दिसेना,
आणि तेवढ्यात तेही आलं,
आणि तिघांचा मिळून जो आवाज निघाला
तो कुणीतरी मांजरपाटाचा अख्खा तागा
या टोकापासून त्या टोकापर्यंत
न थांबता फाडत नेल्यासारखा.

समोरचे दिवेकर लुंगीवर बाहेर आले, भांडायलाच.
नाक वर केलं. थांबले.
"माझी राजदूत होती," म्हणाले,
आणि चप्पल फरफटत आत गेले.
सोमवारी सोसायटीची नोटीस आली,
खाली सेक्रेटरी म्हणून सही
दिवेकरांची.

दोघा भावांना व्हिडिओ पाठवला.
ऐरोलीहून थोरल्याचा अंगठा.
टोरांटोहून धाकट्याचा प्रश्न: मायलेज?

प्लग काढले.
बाजूचे दोघे भाजल्या रव्याच्या रंगाचे,
मधला पांढराफटक.
डाव्या-उजव्याला वारा लागतो,
याच्या वाट्याला दोघांची ऊब.
यात दुसरा काही अर्थ नाही,
हा निव्वळ फिन्सचा आणि हवेचा प्रश्न आहे,
हे मी वैजूला दोनदा सांगितलं.
तिने एकदाही विचारलं नव्हतं.

मधल्याचं जेट दोन नंबरांनी मोठं केलं.
त्याला थोडं जास्त पाजावं लागतं, बस.

काल पुन्हा काढला, गरम, चिंधीत धरून,
दाराशी उजेडात नेला.
कडेने बारीकसा तपकिरी धरू लागलाय.
वैजूने चष्मा लावून पाहिला.
"नानकटाई अजून पाच मिनिटं ठेवते मी
अशी असली की."

क्लचची केबल अजून आलेली नाही.
गाडी कुठेच जात नाही.
संध्याकाळी सहा ते सव्वासहा,
नोटिशीत दिलेल्या वेळेत,
जागच्या जागी उभी राहून
तिघं बोलतात.